भागूआत्याचे खांब

भागूआत्या रोज सकाळी मशेरी लावता लावता आमच्या घराला शिव्या द्यायची. त्यात तिची एक पद्धत होती. थोरल्यापासून सुरुवात करून धाकट्यापर्यंत, वयाच्या क्रमाने, एकेकाचं नाव घेऊन ती शिव्या द्यायची आणि कुणाला वगळायची नाही. आधी माझे सासरे, म्हणजे तिचा सख्खा भाऊ. मग सासूबाई, मग आमचे हे, मग धाकटे दीर प्रकाशभावोजी, शेवटी नणंद. मी सून म्हणून त्या घरात आले आणि दुसऱ्याच दिवशी चूल पेटवताना त्या रांगेच्या टोकाला स्वतःचा उल्लेख ऐकला. “आनि ती म्हाडवरनं आनलीय ती नवी टवळी.” माझे वडील महाडला कचेरीत कारकून होते, घरी मला कुणी चढ्या आवाजात हाकसुद्धा मारली नव्हती. माझे डोळे भरून आले. नणंद शेजारी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “रडतेस काय वहिनी, नाव आलं म्हनजे आता तू घरातली झालीस.”

आमचं गाव पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर, आंबेनळीचा घाट सुरू होण्याच्या जरा अलीकडे. रस्त्याला लागून भागूआत्याचा जमिनीचा तुकडा, त्यात तिची एका खोलीची झोपडी, आणि मागे आमचं घर. त्या तुकड्याला तिने चारी बाजूंनी निवडुंगाचं कुंपण केलं होतं. पण आपल्याकडे बांधावर असतो तो हा निवडुंग नव्हे. हे सरळसोट हिरवे खांब होते. पान नाही, फांदी एखाददुसरी; अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या धारा आणि प्रत्येक धारेवर काट्यांचे झुबके. मी लग्न होऊन आले तेव्हा ते तिच्या वळचणीला लागले होते, पुढे कौलांच्याही वर गेले. एसटीतली माणसं खिडकीतून बोट दाखवत. झाडाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे नुसते ‘खांब’ म्हणत.

आमच्या भागात निवडुंग म्हटलं की आधी आठवतो तो चीक. बांधावरचा तीन धारांचा निवडुंग घ्या की कुंपणाला लावतात तो शेर घ्या, जरा मोडला की दुधासारखा पांढरा चीक गळतो, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा गेलाच म्हणून समजा. हे पोरांच्या कानांवर इतकं घातलेलं असतं की निवडुंग तोडताना माणूस कोयता मारतो आणि त्याच झटक्यात तोंड फिरवतो. तोडणारा एकटाच नाही, जवळपास उभे असतील ते सगळेच फिरवतात. आणि भागूआत्याचा तर उजवा डोळा खरोखरच गेलेला होता. बुबुळ पांढरं झालेलं. कुणी कुंपणापाशी रेंगाळताना दिसलं की ती बाहेर यायची, डोक्यावरचा पदर मागे सारायची आणि तो डोळा पुढे करायची. “हा बग. ह्याच खांबाच्या चिकानं खाल्लाय. येकच थेंब उडाला व्हता. तुला दोनी डोळे जड झाले असतील तर ये, हात लाव.” हात लावायला कुणी येत नसे.

तिची हकिगत मला सासूबाईंकडून कळली, तीही त्यांना सोयीची तेवढीच. भागूआत्याचं लग्न वरच्या खोऱ्यात झालं होतं. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ती माहेरी परत आली. तिच्या वडिलांनी गावातली चार माणसं बोलावून रस्त्याकडेचा तो तुकडा तिला चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. लेकीला असं देणं आमच्याकडे शब्दावर असतं, त्याची कुठे नोंद करत नाहीत. वडील गेले आणि सातबाऱ्यावर माझ्या सासऱ्यांचं, मामंजींचं, एकट्याचं नाव लागलं. मग त्यांना वाटायला लागलं की तुकडाही आपलाच. भागूआत्या उन्हाळाभर महाबळेश्वरला एका बंगल्याच्या बागेत कामाला असायची. एक वर्षी ती पावसाच्या तोंडाला खाली आली तर मामंजींनी तुकड्यात नांगर घातलेला. बहीणभावांचं तिथेच कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती तोंडावर पदर ओढून वर निघून गेली आणि दिवाळी होऊन गेल्यावर परतली. आली ती एक डोळा गमावून, आणि एसटीच्या टपावर गोणपाटात गुंडाळलेले हे खांब घेऊन. बंगल्याच्या बागेत खांब छाटताना चीक उडाला, असं तिने उतरल्या उतरल्या रस्त्यावरच सगळ्यांना सांगितलं. तुकड्यातला नांगर मामंजींनी आपणहून काढला. सासूबाईंच्या मते तो त्यांचा मोठेपणा.

आमच्याकडच्या पावसात असलं कोरड्या मुलखातलं झाड कुजून जाणार, याबद्दल गावाची खात्री होती. भागूआत्याने दगड आणि मुरूम टाकून उंच वरंबा केला आणि त्यावर खांब लावले. पावसाळा आला तेव्हा तिने केलं ते मात्र कुणाच्या डोक्यात आलं नसतं. भातलावणीत बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ती पानांची इरली तिने एकेका खांबाला घातली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, ओळीने बायका उभ्या आहेत आणि जागच्या हलत नाहीत. लोक हसले. त्या वर्षी काही खांब कुजले, बाकीचे तगले, आणि पुढे त्यांना इरल्याची गरज उरली नाही.

मी त्या घरात नवी होते आणि मला वाटायचं की गोड बोललं की माणसं वळतात. गौरीच्या सणाला मी ताटलीत घावनं आणि गूळखोबरं घेऊन, पदर सावरत, काटे चुकवत तिच्या दारात गेले. तिने ताटली घेतली, माझ्यासमोरच घावनं तोडून कोंबड्यांना टाकली, ताटली राखेने घासली, पुसली आणि माझ्या हातात दिली. “तुज्या सासऱ्याच्या घरचं माज्या कोंबड्या खातात. सणाचं खातात, येरवी त्या पन नाय खात. भांडं सोच्छ हाय, ने.” मी संतापून तशीच घरी परतले. त्या दिवशी मी तिचा मनापासून द्वेष केला, आणि पुढेही बरीच वर्षं केला. तो कमी झाला असं सांगून मी उगाच गोडवा आणणार नाही. फक्त त्यात दुसरं काहीतरी मिसळत गेलं.

झालं असं की दुसऱ्या दिवशी सकाळी शिव्यांच्या रांगेत माझं नाव आलं तेव्हा मी परसात जाऊन तिला उलट ऐकवलं. आमच्या घरात हे कधी कुणी केलं नव्हतं. सासूबाई भांडी आपटायच्या, मामंजी मान खाली घालून गोठ्याकडे जायचे, बाकीचे ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. मी म्हटलं की एवढ्या घावनांनी तुमच्या कोंबड्यांना अपचन झालं असेल तर ओवा पाठवू का. भागूआत्या थांबली. खांबांच्या फटीतून तिने चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, मशेरी थुंकली आणि म्हणाली, “तोंड हाय गो तुला.” तेव्हापासून आमची रोज सकाळी जुंपायची. मी तिच्या खांबांना काहीबाही बोलायचे, ती माझ्या महाडच्या माहेराला बोलायची. म्हाडची मानसं तळ्याकाठी राहून पन कोरडीच, असं तिचं मत होतं. एखाद्या सकाळी मी तापाने पडून असले तर ती परसाकडे तोंड करून विचारायची की मेली का काय ती. आमच्या घरातल्या कुणीही, अगदी नवऱ्यानेही, त्या दिवशी तेवढी चौकशी केलेली नसायची.

खांबांना फुलं येत. मोठी, पांढरी, रात्री उमलत आणि सकाळी आम्ही बघेपर्यंत मिटायला लागत. गावातल्या बायकांना ती देवाला हवी असत, पण भागूआत्या कुणाला देत नसे आणि स्वतःही वाहत नसे. त्यांची लाल फळं पाखरं खात. एकदा तिने कुंपणावरून एक फळ माझ्यापुढे धरलं. “खा. मी खाल्लंय, मेले नाय. तू मेलीस तर तुजा नवरा दुसरी करील, ह्या घरची रीतच हाय.” खरं तर ती रीत तिच्या सासरची, पण तिला सगळी घरं सारखीच. मी रागाच्या भरात खाल्लं. आत पांढरा गर, त्यात काळ्या बिया, जरासं गोड. घरी मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सासूबाईंनी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं असतं. बाई आपल्याला विष द्यायची नाही एवढं मात्र मला त्या दिवशी पक्कं कळलं. शिव्या देणारी माणसं सहसा उघडच वार करतात.

पुढे काही वर्षांनी प्रकाशभावोजी बिरवाडीला खोली करून राहायला लागले. तिथल्या एका कारखान्यात त्यांना काम मिळालं होतं. कारखान्यात त्यांचा जीव रमत नव्हता. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाढल्या होत्या आणि घाट चढण्याआधी ड्रायव्हर लोक गाडीत पाणी घालायला आमच्याच गावात थांबायचे. भावोजींच्या डोक्यात बसलं की रस्त्याला लागून चहा-वड्याचं हॉटेल टाकायचं. रस्त्याला लागून जागा एकच होती. सुट्टीला आले की तोच विषय. सातबारा आपल्या नावावर आहे, झोपडी हलवू, आत्याला गोठ्यालगतची खोली देऊ, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनाही ते पटलं होतं. आत्याच्या कानावर गेलं तेव्हा ती वरंब्यावर उभी राहून म्हणाली, “गोठ्यात गुरं बांधतात. माज्या गळ्यात दावं कोन घालनार, तू का तुजा बाप?” तो तुकडा गेला असता तर पाठ टेकायला तिला जगात दुसरी जागा नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. कळून कुणी काही बोलत नव्हतं, मीसुद्धा नाही.

आड येत होते ते मामंजी. शेजाऱ्याच्या म्हशीने बांधावरच्या गवताला तोंड लावलं तरी भांडायला उठणारा हा माणूस, पण या एका तुकड्याचं नाव निघालं की अंग चोरायचा. “चीक उडंल. कुनाचा तरी डोळा जाईल. राहू दे,” एवढंच म्हणायचे आणि उठून जायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा पोरांना जपतो.

त्या वर्षी मे महिन्यात भावोजी आले ते कारखान्यातला डोळ्यांना चहूबाजूंनी झाकणारा चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेऊन. आता बोला, म्हणाले. आता चिकाची सबब उरली नव्हती आणि मामंजींना दुसरी सापडेना. सकाळी भावोजींनी कोयता परजला. बातमी लागल्याबरोबर रस्त्याच्या पलीकडे गाव गोळा झालं. बायकांनी पोरांची तोंडं पदरात धरली. भागूआत्या उंबऱ्यावर बसून सुकट निवडत होती. ती उठली नाही, ओरडली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडातून शिवी निघाली नाही, आणि त्यानेच मला धास्ती वाटली. ती फक्त भावाला म्हणाली, “केश्या, पोराला आवर. मागनं म्हनू नको सांगितलं नाय.” मामंजी वरंब्यापाशी उभे होते. त्यांनी पोराला आवरलं नाही.

भावोजींनी कोयता घातला आणि आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. दोन-तीन घाव ऐकू आले, मग जड काहीतरी जमिनीवर आदळलं. बराच वेळ कुणी वळून पाहिना. मग भावोजींच्या हसण्याचा आवाज आला. खांबाचा गाभा आतून काकडीसारखा ओला आणि फिकट होता, आणि कापल्या जागेवरून पाणी ठिबकत होतं. बिनरंगाचं, जरासं बुळबुळीत. पांढरा चीक औषधालाही नव्हता. भावोजींनी चष्मा कपाळावर चढवला, हातमोजा काढला, ते पाणी बोटाने गालाला लावलं आणि लोकांना दाखवलं. “नुसतं पानी हाय. म्हातारीनं आख्ख्या गावाला बनवलं.” रस्त्यापलीकडून हशा पिकला. भावोजींनी त्याच तोऱ्यात दुसरा खांब पाडला. मलाही हसू आलं. इतकी वर्षं एका बाईने एवढ्या मोठ्या गावाला नुसत्या पाण्याच्या धाकात ठेवलं, याचं मला मनातून कौतुकच वाटलं.

सासूबाई हसत नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “मग वन्सं, तुमचा डोळा कशानं गेला?”

भागूआत्याने सुकटीचं सूप खाली ठेवलं. ती मामंजींकडे बघत होती. आजवर मी तिच्या तोंडून त्यांचा उल्लेख केश्या असाच ऐकला होता. आता ती म्हणाली, “सांग दादा. पोरांना सांग.”

मामंजी वरंब्यावरच्या दगडांवर खाली बसले. काटे लागत होते, त्यांना कळत नव्हतं. “चिकानं गेला म्हनून तूच सांगितलंस,” ते म्हणाले.

“तू इचारलंस कवा?”

मग तिनेच सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे रस्त्यापलीकडच्या लोकांना ऐकायला पुढे यावं लागलं. त्या दिवशी मामंजी तिच्या तुकड्यात नांगर धरून होते आणि ती बैलांसमोर आडवी उभी राहिली होती. त्यांच्या हातात बैल हाकायची पराणी होती, टोकाला लोखंडी आर लावलेली. रागात त्यांनी ती बहिणीच्या तोंडावर हाणली. संधिप्रकाश होता, शिवारात दुसरं कुणी नव्हतं. रात्रभर तिने डोळ्यावर पदर दाबून धरला आणि पहिल्या गाडीने वर गेली. वरच्या दवाखान्यात विचारलं तेव्हा निवडुंगाचा चीक गेला म्हणाली. भावाचं नाव घेतलं असतं तर त्याला पोलिसांनी नेलं असतं आणि घरात लहान पोरं होती. पुढे बंगल्याच्या बागेत हे खांब छाटताना तिने पाहिलं की त्यांना चीक नाही, पण दिसायला ते निवडुंगच. तेव्हा तिला सुचलं. “येका खोट्यानं दोन कामं झाली,” ती म्हणाली. “ह्याची अब्रू बी राहिली आनि माजा तुकडा बी राहिला. आता घ्या, दोनी तोडा.”

भावोजींच्या हातात कोयता तसाच होता. मामंजींच्या चेहऱ्याकडे बघून मला त्या माणसाचं सगळं कळलं आणि त्यांची किळसही आली. मारलं हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. डोळा गेला हे नंतर दिसलं. पण चिकाची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी ती हावऱ्यासारखी उचलली आणि तिच्यावर इतकी वर्षं सुखाने जेवले, झोपले. ‘चीक उडंल’ म्हणून आम्हाला अडवत होते ते आमच्या डोळ्यांसाठी नाही. खांब तुटला आणि आत चीक नसला तर काय, हा घोर त्यांना असणार. अखेर तेच म्हणाले, “पकाश, कोयता ठेव.” भावोजींनी ठेवला. दुसऱ्या दिवशी ते बिरवाडीला परत गेले आणि हॉटेलचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही.

त्याच सकाळी मी परसात गेले तर मामंजी पडलेले खांब उघड्या हातांनी उचलून वरंब्यावर रोवत होते. तळहात रक्ताने भरले होते. भागूआत्या दारातून बघत होती. “आसं लावतात व्हय,” ती म्हणाली. “वला कापलेला खांब मातीत घातला की कुजतो. सावलीत सुकव, कापलेलं तोंड धरू दे, मग लाव. येवढं पन कळत नाय.” त्यांनी मुकाट्याने खांब सावलीत नेऊन ठेवले आणि सुकल्यावर लावले. लावताना आमच्या अंगणाच्या बाजूने चांगले हातभर आमच्याच हद्दीत लावले, म्हणजे तुकडा वाढला. सासूबाईंची धुसफुस झाली पण त्यांनी लक्ष दिलं नाही. मग ते तलाठ्याकडे गेले, पोलादपूरला खेपा घातल्या आणि तुकडा तिच्या नावावर केला. सही-अंगठ्याच्या वेळी ती त्यांना म्हणाली, “माजंच मला देतोस?” आणि अंगठा उठवला.

गंमत म्हणा नाहीतर काही म्हणा, खांबांत नुसतं पाणी आहे हे गावाला कळलं आणि तेव्हापासून कुंपणाला कुणी खरोखरच हात लावला नाही. आधी डोळ्याच्या भीतीने लावत नव्हते, आता लाजेने. भागूआत्या सकाळी शिव्या देत राहिली, पण मामंजींचं नाव तिने वगळलं. सुरुवात सासूबाईंपासून व्हायची. ते ऐकायला म्हणून मामंजी गोठ्याच्या दाराशी थांबायचे, आपलं नाव येत नाही असं पाहून आत जायचे. पुढे ते रोज दुपारी वरंब्यापाशी यायचे. ढासळलेले दगड सारखे कर, तण उपट, असं काहीतरी काढून तासभर थांबायचे. ती दारात बसलेली असली तरी त्यांच्याशी बोलायची नाही. त्या अंगठ्यानंतर तिने त्यांच्याशी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. कुणीतरी मध्यस्थी करावी म्हणून गावातली म्हातारी माणसं तिला समजवायला गेली, तर तिने त्यांना विचारलं की समजवायला आता आलात, तर तेव्हा माझ्या बापाच्या शब्दाला साक्षी होतात ते कुठे गेला होतात. त्यांनी चहाही न घेता काढता पाय घेतला.

ती गेली ती श्रावणात. आधी ताप आला, मग छाती भरली. पोलादपूरच्या डॉक्टरांना आमचे हे घेऊन आले, त्यांनी महाडला न्यायला सांगितलं, ती जायला तयार होईना. झोपडीत तिने मला एकटीला येऊ दिलं. त्याने मी सुखावेन असं तिला वाटलं असावं, कारण लगेच म्हणाली, “तू काय लई चांगली नायस. तू ह्या रक्ताची नायस म्हनून.” मी पेज करून आणली, तिने दोन घोट घेतले आणि अळणी आहे म्हणून नावं ठेवली. मीठ मी बरोबर घातलं होतं. मी तसं सांगितलं आणि आमची तिथेही जुंपली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता, मध्येच दम लागायचा, आणि मला भांडण पुढे नेववेना. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

बाहेर मामंजी छत्री घेऊन कुंपणाच्या फटीपाशी उभे होते. सकाळपासून उभे होते. आमच्याकडे श्रावणातसुद्धा असा पाऊस लागतो की छत्रीखालचा माणूस कोरडा राहत नाही. धोतर पायांना चिकटलं होतं, ओठ निळे पडले होते. आत येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. तेवढी त्यांची हिंमत नव्हती. पण मी पेजेचं भांडं विसळायला बाहेर आले की माझ्या तोंडाकडे बघायचे. म्हातारा माणूस. कितीही झालं तरी मला पाझर फुटला. मी आत गेले, तिच्या कानाशी वाकले.

“आत्या, मामंजी बाहेर उभे आहेत. आत बोलावू?”

तिने डोळा उघडला. “पाऊस हाय?”

“आहे.”

“भिजतोय?”

“भिजतायत.”

ती थोडा वेळ पावसाकडे कान देऊन पडली. मला वाटलं आता हो म्हणेल.

“भिजू दे,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली. ते तिचं शेवटचं बोलणं. दुपार टळायच्या आत ती गेली.

पण त्याआधी, ती तशी कुशीवर वळल्यावर, मी बाहेर आले होते. मामंजींनी विचारलं, “काय म्हनाली?” मला काहीही सांगता आलं असतं. झोप लागलीय, तुमची आठवण काढत होती, असं काहीतरी. सुनेने सासऱ्याला असल्या वेळी तेच सांगायचं असतं. पण त्या माणसाने एका खोट्यावर आयुष्य काढलं होतं आणि ते खोटं तिने आपला डोळा देऊन पुरवलं होतं. आणखी एक माझ्याकडून त्यांना मिळणार नव्हतं.

“भिजू दे म्हणाल्या,” मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. मग छत्री मिटली, कुंपणाला टेकवून ठेवली आणि ते तिथेच उभे राहिले.